तोसेच्या जन्माची साक्ष

"शिनो, तूही आत येऊन बस. ह्यात तुझाही संबंध आहे," सासूबाई म्हणाल्या.

पंधरा वर्षांत मासुया घराच्या मधल्या खोलीत शिनोला कुणी असं बसायला बोलावलं नव्हतं. चहा घेऊन जायचं, वाकायचं, मागच्या मागे सरकत बाहेर यायचं, एवढंच थोरल्या सुनेचं काम. आज ती दाराशी गुडघे टेकून बसली तर सासरे तोकुबेई तिच्याकडे बघायलाही तयार नव्हते. त्यांच्या उजवीकडे तिचा नवरा सोहाची होता, पुढ्यात कागद, शाईचा दगड आणि कुंचला घेऊन. डावीकडे धाकटे दीर योकिची. ते निळीच्या कोठीतून तसेच उठून आले होते. हात कोपरापर्यंत निळे, आणि अंगाला कुजत्या पानांचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास.

काल संध्याकाळी मठातले नवे भिक्षू येऊन जे सांगून गेले, ते शिनोने सरकत्या दाराआडून अर्धंमुर्धं ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी योशिनो नदीचा बांध फुटला तेव्हा मासुयांनी दोनशे माणसं आणि घरातलं सगळं गवत बांधावर लावलं होतं. त्याचं बक्षीस म्हणून दरबार आता घराला आडनाव आणि कमरेला एक तलवार लावण्याची मुभा देणार होता. नीळ करणाऱ्या कुळाला आडनाव! पण त्याआधी घरातल्या प्रत्येक माणसाचं मूळ तपासायचं होतं. त्यासाठी आज किल्ल्यातून अधिकारी येणार होता. तो आधी मठातली नोंदवही बघणार, मग इकडे. आणि त्या वहीत, भिक्षू म्हणाले होते, धाकट्या सुनेच्या, तोसेच्या नावापुढे जुन्या भिक्षूंनी पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुराची एक ओळ बारीक अक्षरात लिहून ठेवली होती: पुराच्या वर्षी सापडलेलं मूल, पैलतीरच्या वस्तीच्या खाली, नावाड्याने वाढवलं.

पैलतीरची वस्ती म्हणजे कातडी कमावणाऱ्यांची. त्यांची नोंदवही वेगळी, त्यांचा मठ वेगळा, विहीर वेगळी. त्यांच्यातलं कुणी ह्या काठावर लग्न करून राहतंय असं निघालं तर आडनाव दूरच राहिलं, घराला टाळं लागलं असतं.

"मला एक सांग," तोकुबेई बायकोला म्हणाले, "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

सासूबाई हाया ह्यांनी मांडीवरचे हात घट्ट धरले. "लग्नाला महिना झाला होता. नावाड्याची बायको मरायला टेकली होती. तिने मला बोलावून घेतलं. म्हणाली, पोर सापडली तेव्हा कमावलेल्या हरणाच्या कातड्यात गुंडाळलेली होती. तसलं कातडं दुसऱ्या कुणाकडे असणार?"

"आठ वर्षं. आठ वर्षं तू माझ्यासमोर जेवलीस."

"मग काय करायचं होतं मी? लग्न झालं होतं. पोरगी कामाची होती, गरीब स्वभावाची होती. आणि तुमचा हा मुलगा तिच्याशिवाय राहिला असता?"

"नसतो राहिलो," योकिची म्हणाले.

"तू गप्प बस," सोहाची म्हणाला. "मी रात्रभर विचार केलाय. सोडचिठ्ठी लिहायची. रिवाजाच्या साडेतीन ओळी, दहा दिवसांपूर्वीची तारीख. अधिकारी आला की सांगायचं, ती बाई आता ह्या घरात नाही, तिच्या मुळाशी आमचा संबंध नाही. तिला सकाळीच मागच्या वाटेने काढून द्यायची. नामी इथेच राहील." तो जरा थांबला आणि पहिल्यांदाच शिनोकडे वळला. "नामी शिनोच्या पोटची म्हणून लावायची. नव्या भिक्षूंना मी तयार करतो."

 नामी. तोसेची लेक, सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली, तिला 'मोठीआई' म्हणणारी नामी. पंधरा वर्षांत शिनोला तीनदा दिवस राहिले होते आणि तिन्ही वेळा ते तिसऱ्या महिन्यापलीकडे टिकले नव्हते. ह्या घराला दुसरं मूल नव्हतं. नामीलाच पुढे घरजावई आणायचा, हे ठरल्यासारखंच होतं. आणि ती आता तिची होणार होती. कागदावर, मठात, सगळीकडे.

"तोसे गेली तर मीही जातो," योकिची म्हणाले. "आणि तुम्हाला ठाऊक आहे, निळीची कुजत घातलेली पानं अजून पंधरा वेळा उलटायची आहेत. पाणी किती घालायचं ते मला कळतं, दादाला नाही कळत. ह्या वर्षीची सगळी नीळ कोठीत सडेल."

"धमकी देतोस?"

"सांगतोय."

"आई, तुम्ही बोला," सोहाची म्हणाला.

 आठ वर्षं ज्यांनी हे पोटात ठेवलं त्याच सासूबाई, पण बोलल्या तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "मला भीती वाटते रे. सोहाची म्हणतो तसं करा." मग त्या सुनेला म्हणाल्या, "शिनो, तू जाऊन सांग तिला. बाईने बाईला सांगावं."

 आणि शिनो उठली. नाही म्हणायचं तिला सुचलंच नाही, हे पुढे तिने स्वतःशी अनेकदा कबूल केलं.

तोसे कोठीमागच्या पडवीत नामीचे केस विंचरत बसली होती. शेजारी कापडात बांधलेलं छोटं बोचकं. शिनोला बघून तिने फणी खाली ठेवली नाही.

"मला कळलं, जाऊबाई. भिक्षू आले तेव्हाच कळलं."

"तुला आधीपासून माहीत होतं?"

"चौदा वर्षांची होते तेव्हा आईने सांगितलं. नावाड्याकडच्या आईने." तिने नामीच्या केसांत दोरा घातला. "ह्यांनाही मी लग्नाआधी सांगितलं होतं. ते म्हणाले, मला काय त्याचं."

नामी वळून म्हणाली, "मोठीआई, आई कुठे चालली?"

"सरळ बस, गाठ सुटेल," तोसे म्हणाली.

शिनो उभीच होती. तिला आठवलं, ह्या आठ वर्षांत तोसेने घरातल्या देव्हाऱ्यापुढे एकदाही नैवेद्याचा भात नेला नव्हता. कधी हात भाजलाय, कधी पोटात दुखतंय, कधी पाळी आहे. दर सकाळी काहीतरी निमित्त. शिनो मनात म्हणायची, काय ही आळशी बाई, काय हा तोरा. एकदा तिने हे सासूबाईंनाही बोलून दाखवलं होतं.

"म्हणून तू देव्हाऱ्याजवळ जात नव्हतीस," ती म्हणाली.

"तुमच्या पूर्वजांना चाललं नसतं तर? माणसांशी खोटं वागले मी, जाऊबाई. तिथे नको वाटायचं." मग तोसे घाईघाईने बोलायला लागली, जणू वेळ मोजून दिलाय. "मुळा पातळ कापला तरच खाते ही. जाड तुकडा असला तर गालात धरून ठेवते, तासभर. आणि कानात पाणी गेलं की लगेच दुखतं, तेव्हा न्हाऊ घालताना बोट ठेवा. झोपताना तुमच्याच बाहीत हात घालते, तुम्हाला माहीतच आहे."

"कुठे जाशील?"

"पैलतीरी." ती थोडी हसली. "पण तिथे तरी मला कोण ओळखतं? त्यांच्या बायका केस कसे बांधतात तेही मला येत नाही."

शिनोला जे सांगायचं होतं ते सांगावं लागलंच नाही. ती तिथे उभी राहून नामीच्या मानेवरची लव बघत राहिली. तेवढ्यात पुढच्या अंगणात कुणीतरी मोठ्याने वर्दी दिली. अधिकारी आला होता. दुपारी यायचा तो सकाळीच आला होता.

त्याचं नाव निवा हानपेई. दोन तलवारी, कडक इस्त्रीची घडी, आणि गुडघ्यावर त्याच रंगाच्या कापडाचं ठिगळ, इतक्या बारीक टाक्यांनी शिवलेलं की जवळून चहा ठेवल्याशिवाय दिसलंच नसतं. शिनोने पेला ठेवताना त्याची बोटं बघितली. नखांत वाळलेली खळ होती, कागदाच्या छत्र्यांना लावतात तसली. म्हणजे हाही किल्ल्यातून घरी गेला की बायकोबरोबर छत्र्या चिकटवत असणार. इथे मात्र सगळं घर त्याच्यासमोर कपाळ चटईला लावून पडलं होतं.

"उठा," तो म्हणाला. "वहीतली सात नावं बघितली. सहा ठीक आहेत. तोसे, पंचवीस वर्षं. पैलतीरच्या वस्तीखाली सापडली, म्हणजे कुणाची?"

 सोहाचीच्या गुडघ्याखाली सोडचिठ्ठी होती. शाई ओली असतानाच त्याने ती उपडी करून दडवली होती, हे शिनोला दिसत होतं.

"सरकार," सोहाचीने सुरुवात केली, "त्या बाईबद्दल सांगायचं तर…"

"सरकार, मला बोलायची परवानगी असावी."

हे आपण बोललो, हे शिनोला आपलाच आवाज ऐकून कळलं. सगळ्यांच्या माना वळल्या. सोहाची डोळ्यांनी सांगत होता, गप्प. अधिकाऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू कोण?"

"थोरली सून, सरकार. नदीच्या वरच्या अंगाच्या कामिउरा गावच्या मुख्याची मुलगी. माझा भाऊ मागोइची आता तिथला मुख्य आहे. तोसेचं मूळ मला माहीत आहे."

"बोल."

"पुराच्या वर्षी मी अकराची होते. आमच्या घरी मागावर विणायला एक बाई होती, रिकू. डोंगरातल्या गावची, शेतकऱ्याच्या घरची, विधवा. तिला चार महिन्यांची मुलगी होती. पाणी चढलं तेव्हा त्या दोघी माळ्यावर होत्या. माळाच वाहून गेला. रिकूचं प्रेत चौथ्या दिवशी मिळालं. पोर खाली वाहत गेली होती. नावाड्याला सापडली."

"मग तुमच्या घराने ती परत का नाही आणली?"

"आई मेलेली. नावाड्याच्या बायकोचं मूल नुकतंच गेलं होतं, तिला दूध होतं. वडील म्हणाले, राहू दे तिथेच."

"पोर हरणाच्या कातड्यात होती असं मी खाली ऐकलं."

 म्हणजे त्याने नावाड्याच्या शेजारपाजारीही चौकशी केली होती. "माझ्या वडिलांच्या शिकारीच्या कोटाचं कातडं, सरकार. माळ्यावर थंडी असायची, म्हणून त्यांनी रिकूला दिलं होतं."

 बाहेर मजूर पानं उलटत होते, त्यांच्या दाताळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

"आणि तीच मुलगी नेमकी तुझी जाऊ झाली. नशीबच म्हणायचं."

"नशीब नाही, सरकार. मीच तिला इथे मागावर कामाला आणलं. रिकूची मुलगी म्हणून."

हे सगळ्यांत धडधडीत खोटं होतं. तोसेला कामावर ठेवलं होतं ते दिवाणजींनी, आणि हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं. अधिकाऱ्याने नजर हलवली. "म्हातारे, खरं का हे?"

तोकुबेई बोलणार तोच सासूबाई पुढे सरकल्या. त्यांचा आवाज ठाम होता. "हिनंच आणली, सरकार. माझ्याकडे घेऊन आली होती. मी म्हटलं, ठेव."

"हिनंच," तोकुबेईंनी मान खाली घालून म्हटलं.

योकिची वाकले. उरला सोहाची.

"आणि तू? तू मघाशी काहीतरी सांगत होतास."

शिनो नवऱ्याकडे बघत होती. तिला खरंच माहीत नव्हतं तो काय बोलणार. आडनावासाठी हा माणूस तीन वर्षं झोपला नव्हता. त्याने गुडघा किंचित हलवला, कागद चुरगळल्याचा आवाज झाला.

"तेच सांगत होतो, सरकार," तो म्हणाला.

अधिकाऱ्याने कुंचला घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि फुंकर घालून वाळवल्या. "तुझ्या भावाच्या शिक्क्याचा कागद परवा संध्याकाळच्या आत किल्ल्यात पोचला पाहिजे. तो नाही म्हणाला तर ही खोटी साक्ष झाली. खोट्या साक्षीला काय होतं ते माहीत आहे ना, बाई?"

"माहीत आहे, सरकार."

"फक्त तुझं नाही होत ते," तो म्हणाला आणि उठला.

तो फाटकाबाहेर गेल्यावरही कुणी हललं नाही. मग सोहाची तिला ओसरीच्या टोकाला घेऊन गेला.

"मला विचारलं नाहीस."

"नामीला माझ्या नावावर लावताना तुम्ही मला विचारलंत?"

"तुला हवी होती ती. मला माहीत नाही का?"

"हवी होती," शिनो म्हणाली. "म्हणूनच विचारायला हवं होतं."

त्याने बाहीतून चुरगळलेला कागद काढला, बघितला आणि परत आत ठेवला. "आणि मागोइची नाही म्हणाला तर?"

 अधिकारी गेल्यापासून शिनो ह्याच एका गोष्टीचा विचार टाळत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती होडीने कामिउराला गेली. भाऊ अंगणात बसून गावच्या पाटाच्या कामाला कोण कोण येणार ह्याची यादी करत होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला, आणि ती बोलत गेली तसतसा विझत गेला. तिने काहीही लपवलं नाही. ती थांबल्यावर मागोइचीने यादी घडी करून बाजूला ठेवली.

"रिकूची मुलगी," तो म्हणाला.

"हो, दादा."

"पुरानंतर सहाव्या दिवशी ती आपल्या बांबूच्या बेटात सापडली होती. तू तापाने पडली होतीस, तुला कुणी सांगितलं नाही. मी पंधराचा होतो. बाबा मठात गेले होते, म्हणून मीच खड्डा खणला. रिकूच्या शेजारी. छोटा दगड आहे तिथे."

 शिनोने कायम धरलं होतं की ते मूल समुद्रात गेलं. त्या आधारावरच तर ती सगळं रचून बोलली होती.

"तो दगड गावात चार जणांना माहीत आहे," मागोइची म्हणाला. "किल्ल्यातून कुणी विचारायला आलं तर?"

"मला माहीत नव्हतं, दादा."

"माहीत असतं तर बोलली नसतीस?"

तिने खरं सांगितलं. "बोललेच असते."

तो उठून आत गेला. शिनो अंगणात बसून राहिली. वहिनीने दारातून बघितलं, पण ती बाहेर आली नाही. तिने सगळं ऐकलं असणार. बऱ्याच वेळाने मागोइची कागद घेऊन आला. लिहिलेला, खाली लाल शिक्का. त्याने तो तिच्या हातात दिला नाही, पुढ्यात चटईवर ठेवला.

"ज्या बाईला मी कधी बघितलंही नाही तिच्यासाठी हे केलेलं नाही," तो म्हणाला. "नाही म्हणालो तर तुझी मान जाते, म्हणून केलं. आता मला कुदळ घेऊन टेकडीवर जायचंय. तो दगड आज नदीत गेला पाहिजे. त्या पोरीने आपलं काय वाईट केलं होतं, शिनो? रोज सकाळी मी तिथे पाणी घालतो."

"दादा…"

"तू जा. होडी सुटेल. आणि पुन्हा ह्या घरी येऊ नकोस. सणाला नको, कुणी मेलं तरी नको. माझ्या पोरांच्या मानेवर टांगून ठेवलंस तू हे, आणि विचारायला आलीस ते बोलून झाल्यावर."

तिने कपाळ जमिनीला लावलं आणि ती उठली. जिथे ती जन्मली त्या घरातून पहिल्यांदाच तिला कुणी फाटकापर्यंत सोडायला आलं नाही, घोटभर चहाही कुणी विचारला नाही.

कागद वेळेत किल्ल्यात पोचला. बाराव्या महिन्यात आडनावही आलं आणि सोहाचीने नव्या तलवारीसह मठापर्यंत चालून दाखवलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी होडी मासुयांच्या धक्क्याला लागली तेव्हा उन्हं कलली होती. धक्क्यावर तोसे एकटीच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, तिचे ओठ वाऱ्याने फाटले होते. तिने कागदाचं विचारलं नाही. शिनोचा चेहरा बघून तिला काय कळायचं ते कळलं असावं.

"जेवलात का, जाऊबाई?"

"नाही."

तोसेने तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. दोघी तुतीच्या झाडांमधून घराकडे चालायला लागल्या. ओल्या वाटेवर चपला चिकटत होत्या. निम्म्या वाटेवर शिनो थांबली.

"ऐक. तुला कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. तुझ्या आईचं नाव रिकू."

"रिकू," तोसे म्हणाली.

"डोंगरातल्या ओचिआई गावची. नवरा लाकूड तोडताना गेला. आमच्याकडे मागावर होती."

तोसेने ओठ हलवून सगळं एकदा मनात म्हटलं. पुढे दोन पावलं टाकली आणि मग वळून न बघता हळूच विचारलं, "कशी होती ती?"

शिनोला वाटलं होतं ती नवऱ्याचं नाव विचारेल, साल विचारेल, साक्षीला लागतं ते काहीतरी. टेकडीवरच्या दगडाचं तिने त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. पण रिकू तिला खरोखरच आठवत होती.

"ठेंगणी होती," ती म्हणाली. "डावरी. त्यामुळे तिच्यासाठी माग उलटा लावावा लागायचा, आणि माझे वडील रोज कुरकुरायचे. विणताना स्वतःशी बोलायची. मूल पाठीवर बांधलेलं असायचं, त्याच्याशीच बोलतेय असं वाटायचं."

"काय बोलायची?"

"अगं, काहीही. आज धागा कसा तुटला. आज मुख्याच्या मुलीने मोरीत कसा पेला फोडला."

तोसे हसली, आणि हसता हसताच तिने बाही तोंडाला लावली. शिनो तिच्या शेजारून चालायला लागली आणि घर येईपर्यंत सांगत राहिली.